आजीचे नाव नातीला ठेवावे काय?

आमच्या भूम तालुक्यात बारशाला गेले की सगळे ओळखीचेच दिसते. पाळण्याला झेंडूच्या माळा, चुलीवर घुगऱ्यांचे पातेले, बायका गोविंद-गोपाळाचे नाव घेत पोर पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात, आणि शेवटी आत्याबाई वाकून कानात 'कुर्र' करते. नाव बाहेर पडते तेव्हा मात्र भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागतात.

"काय ठिवलं म्हनं?"

"अन्वी का काय तरी."

"म्हंजी?"

म्हंजी काय, ते आत्याबाईलाही ठाऊक नसते. अक्षर 'अ' आले होते, मोबाइलवर सापडले, ठेवून दिले. आणि त्याच भिंतीला टेकून गंगूबाई, भागीरथी, केशर, रखमा, मुक्ता, गोदा अशी सहा-सात नावे सुपारी कातरीत बसलेली असतात. त्यांतले एकही पाळण्यापर्यंत पोचलेले नसते.

वाचकहो, मी कृषी विस्तार अधिकारी आहे. माझे काम बियाणे, खते, कीड-रोग आणि सरकारी योजना यांचे. पण शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला बसले की गोष्टी पिकापाण्यावरच थांबत नाहीत. मुलीचे स्थळ, मुलाची नोकरी, नातवाचे नाव, सगळे निघते. नावाची एक गोष्ट गेल्या पावसाळ्यात ईटजवळच्या एका वस्तीवर निघाली, तिच्यावरून हा लेख लिहितो आहे. त्या घरच्यांची नावे देत नाही, त्याची गरजही नाही.

सोयाबीनवर चक्री भुंगा पडला म्हणून पाहायला गेलो होतो. घरात पोर रडत होते आणि माणसे गप्प होती. चैत्रात घरातली सर्वांत थोर बाई, म्हणजे घरमालकाची आई, वारली होती. श्रावणात सुनेला मुलगी झाली. घरमालकाच्या मनात पक्के बसले की आईच परत आली. तेव्हा आईचेच नाव ठेवायचे, गोदावरी. मुलगा जर्मनीत मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. तो फोनवरून म्हणाला, "आबा, गावात ठीक आहे. पण पोरगी उद्या इकडं शाळंत जाईल. तिला हाक कोण मारंल? हसत्याल तिला." बाळाच्या आजीची अडचण निराळीच. ती म्हणाली, "सासूचं नाव घिऊन 'ए गोदे, हिकडं ये' म्हनू व्हय मी? जल्मात कधी तिचं नाव घेतलं न्हाई." आणि जिचे बाळ ती सून आतल्या खोलीत. तिला कोणी काही विचारलेले नव्हते.

"सायेब, तुमी चार बुकं शिकल्यालं. तुमीच सांगा," असे म्हणून आबांनी चेंडू माझ्याकडे टाकला.

त्या दिवशी मी फार काही बोललो नाही. पुढे वाचन झाले, चौकशी झाली, त्यातले जे पटले ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी की नातवंडाला आजा-आजीचे नाव देणे ही काही अडाणी खेड्यातली खोड नव्हे. आपल्या पेशव्यांची वंशावळ पाहा. बाळाजी विश्वनाथाचा मुलगा बाजीराव, त्या बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणतो. धाकटा रघुनाथराव, त्याच्या मुलाचे नाव पुन्हा बाजीराव. सासू-सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही ही अडचण तेव्हाही होतीच. म्हणून तर घरोघर नाना, अप्पा, बाळ, दादा, ताई, माई ही हाकेची नावे निघाली. दप्तरात एक नाव आणि ओसरीवर दुसरे. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी केव्हाच काढून ठेवले आहे.

ग्रीस देशात आजही पुष्कळ घरांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देतात. त्यामुळे चार चुलत भाऊ एकाच नावाचे निघाले तरी कोणाला नवल वाटत नाही. आफ्रिकेत नायजेरियाकडे योरुबा नावाचा मोठा समाज आहे. आजोबा वारल्यानंतर घरात मुलगा झाला तर तिथे त्याचे नाव बाबातुंदे ठेवतात. अर्थ 'बाप परत आला'. आजीनंतर मुलगी झाली तर येतुंदे, 'आई परत आली'. ईटच्या वस्तीवरचे आबा जे बोलले, तेच शब्द सात समुद्रांपलीकडे नाव होऊन बसले आहेत. युरोपातल्या ज्यू लोकांत मात्र उलटे: जिवंत माणसाचे नाव पोराला देत नाहीत, गेलेल्याचे देतात. म्हणजे रीत ज्याची-त्याची वेगळी, पण गेलेल्या माणसाला घरात हाक ऐकू यावी ही इच्छा सगळीकडे सारखी.

आता जुनी नावे म्हणजे सगळीच सोन्याची, असे मी म्हणणार नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे कोठून आली? पाठोपाठ पोरे दगावत, पाचवी उजाडायच्या आत पाळणा रिकामा होई. मग आई-बाप वाईट नाव ठेवीत, की यमाला वाटावे हा तर दगड, हा तर उकिरड्यावरचा केर, याला नेऊन काय करायचे! चीनमध्ये अगदी याच भीतीने पोराचे घरगुती नाव 'कुत्र्याने उरवलेला' अशा अर्थाचे ठेवीत. योरुबांतही 'आता मरू नकोस' अशा अर्थाची नावे आहेत. त्यामुळे दगडू हे नाव ऐकून जो हसतो त्याने एवढे ध्यानात घ्यावे की त्या नावामागे बहुधा एक-दोन गेलेली भावंडे असतात. आणि नावाने माणूस अडत नाही म्हणाल तर महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. १८५८ साली जन्मलेल्या या धोंडोला शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळाले. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या पैलवानाचे नाव होते खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीत ते नाव पुकारले गेले, तेव्हा कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

आज लस आहे, दवाखाना आहे, यमाला चकवण्यासाठी नाव वापरण्याची गरज उरलेली नाही. म्हणून दगडू-केरू आता पुन्हा ठेवू नका म्हणालात तर मी हरकत घेणार नाही.

पण त्याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तो भीतीतून नव्हे, तिरस्कारातून आला. 'नकुसा', म्हणजे नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला हे नाव. ती बिचारी आयुष्यभर वहीवर, दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर 'मी नको होते' असे लिहीत राहायची. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात सरकारी पुढाकाराने अडीचशेहून अधिक नकुसांना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात त्याच २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. यावरून ही नकोशी नुसती नावात नव्हती हे कळते. असले नाव कितीही जुने असले तरी ते राखण्याजोगे नाही.

जुन्या नावांत जातीचाही विखार होता. चांगले, देवादिकांचे नाव अमक्याने ठेवायचे नाही, असा गावगाड्याचा दंडक कित्येक ठिकाणी होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि पुढे घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, संघमित्रा जन्मले. ही नावे आपल्या गोदा-भागीरथीपेक्षाही जुनी, अडीच हजार वर्षांपूर्वीची. ज्यांनी ती घेतली त्यांनी नवे आयुष्य सुरू करण्यासाठी जुने नाव निवडले. माझ्या मते जुन्या नावाचा एवढा चांगला उपयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केलेला नाही.

आता त्या इंजिनियर मुलाची शंका. परदेशात जुन्या नावाला काय किंमत?

गंमत अशी की तिकडे सध्या आज्या-आजोबांच्या नावांचाच हंगाम आहे. इंग्लंडात आर्थर, आर्ची, आयव्ही, एल्सी ही नावे मधल्या पिढीने म्हातारी म्हणून टाकून दिली होती. आता शाळांचे वर्ग त्यांनी भरले आहेत. जर्मनीत एमा, एमिल, पाउल यांचे तसेच. अमेरिकेत १८८० च्या सुमाराला एमा हे मुलींचे अगदी आघाडीचे नाव होते, मग ते मागे पडत पडत दिसेनासे व्हायला आले, आणि २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावर आले. तिथले जाणते सांगतात की आई-बापाच्या पिढीचे नाव शिळे वाटते, आजीचे म्हातारे वाटते, पण पणजीचे पुन्हा गोड वाटू लागते. तीन पिढ्यांची ही फेरपालट आपल्या हरभरा-ज्वारीच्या फेरपालटीसारखीच म्हणायची.

आपल्याकडेही ते सुरू झाले आहे, फक्त शहरातून. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मल्हार, सई, मुक्ता, रमा, जिजा ही पोरे घसरगुंडीवर खेळताना दिसतात. मल्हारी म्हटले की आपल्याला शेरडे-मेंढरे आणि जेजुरी आठवते, त्यांना ते नवेकोरे वाटते. 'राही'चेच घ्या. राही-रखुमाई हे आपल्या वारकऱ्यांच्या तोंडचे नाव. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवले. दोघींचे नाव एकच. एकीच्या बाबतीत ते आदिवासी पाड्यावरचे जुने नाव ठरते, दुसरीच्या बाबतीत चटपटीत शहरी. नाव बदलले नाही, ऐकणारा बदलला.

आणि हाच माझ्या लेखातला मुख्य मुद्दा आहे. गोदावरी हे नाव जुने आहे हे कोणाला कळते? आपल्याला. ईटला, भूमला, फार तर पुण्याला. जर्मनीतल्या शाळेतल्या बाईंना ते कळण्याचा मार्गच नाही. त्यांच्या कानाला गोदावरी आणि विहान, भागीरथी आणि अन्वी ही सगळी सारखीच परकी, सारखीच नवी. आपल्यातला कोणी 'कुनिगुंडे' आणि 'लेओनी' ही दोन जर्मन नावे ऐकून सांगू शकेल काय, की पहिले शेकडो वर्षांचे जुनाट आणि दुसरे आजचे? तसेच त्यांचे. जुनेपणाची लाज परदेशी लागत नाही, ती आपण येथून बांधून नेतो.

परकेपणाचा त्रास मात्र असतो, तो लपवून उपयोग नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागो आणि बोस्टन शहरांतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे पाच हजार अर्ज पाठवले होते. अर्जातली माहिती सारख्या तोलाची, फक्त काहींवर गोऱ्या लोकांत चालणारी नावे आणि काहींवर काळ्या लोकांत चालणारी. गोऱ्या नावांना बोलावणी दीडपट आली. तेव्हा नावाकडे बघून माणूस जोखणारे लोक तिकडेही आहेत. पण त्या काट्यावर 'आरव' काही 'पांडुरंगा'पेक्षा जड भरत नाही. आणि काळ बदलतोही. कमळाबाई हे आपल्याकडे आजीचे नाव. त्याच अर्थाच्या कमला नावाची बाई २०२१ ते २०२५ अमेरिकेची उपराष्ट्राध्यक्ष होती. लोक उच्चार चुकत, ती दुरुस्त करून सांगे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादमध्ये गिरमिटिया मजुरांची पणतवंडे आहेत. तिथेही २०१० साली दुसरी एक कमला पंतप्रधान झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आली.

उच्चाराचा प्रश्न खरा आहे, आणि नाव ठरवताना तो जरूर पाहावा. ज्याची-त्याची जीभ ज्या-त्या मातीत वळलेली. जर्मन माणूस इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'य' करतो. आपली जना तिथे याना होईल. पण याना हे त्यांच्या घरोघरचे नाव आहे, तेव्हा जनाबाईचे तिथे मुळीच अडणार नाही! स्पेनमध्ये तेच अक्षर 'ख'-'ह'सारखे निघते. फ्रान्सात 'ह' खातात, म्हणून हरी अरी होतो. जपान्याच्या तोंडी 'ल' येत नाही, लीला रीरा होते. अरबांकडे 'प' नाही, आपला पांडुरंग दुबईत बांडुरंग. आणि 'ळ' तर आपल्याच पोरांना इंग्रजीत लिहिता येत नाही, दुसऱ्याला काय बोल लावायचा. आपणही काही कमी नाही. एल्फिन्स्टन साहेबाचा आपल्या लोकांनी अल्पिष्टन करून टाकला होता.

अर्थाचेही असेच. रमा म्हणजे स्पॅनिश भाषेत झाडाची फांदी, मीरा म्हणजे 'बघ', आणि माला म्हणजे चक्क 'वाईट'. पोर्तुगीजांत उमा म्हणजे 'एक'. फिनलंडात कला म्हणजे मासा. सगळ्या जगाचे शब्दकोश चाळून नाव ठेवायचे म्हटले तर पोर बिननावाचेच कॉलेजात जाईल. जिथे जायचे पक्के आहे तेवढ्या एका भाषेत भलता अर्थ निघत नाही ना, हे पाहिले म्हणजे पुरे. आमच्या ईटच्या पोरांना तर हे शिकवायलाच नको. पुण्यात मुलाखतीला गेले आणि गावाचे नाव सांगितले की साहेब इंग्रजी अर्थ घेऊन विचारतो, "ईट? काय खायचं?" पोरेही आता तयार झाली आहेत. सांगतात, "साहेब, भूमचा खवा खायचा."

नाव परक्याच्या जिभेवर बदलते तसे ते परक्या देशात रुजतेही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यातला सॅम्युएल इथे सामाजी झाला आणि एझिकेल हसाजी. मुंबईतले १७९६ चे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर ज्यांनी बांधले ते सामाजी हसाजी दिवेकर. हजारो वर्षांचे जुने नाव आणि त्याला आपला मराठी 'जी' जोडलेला. त्यांना ते नाव ना जुने वाटले, ना परके.

काही देशांत तर सरकारच नावात लक्ष घालते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत नावांवर कायद्याचे बंधन होते, ठरावीक पंचांगातली आणि इतिहासातली नावेच चालत. आइसलँडमध्ये अजून नावांची समिती आहे. नाव त्यांच्या भाषेच्या व्याकरणात बसले पाहिजे. तिथल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला 'मंद झुळूक' अशा अर्थाचे आपले नाव सरकारदरबारी लावून घेण्यासाठी कोर्टात जावे लागले, कारण ते पुरुषी नाव समजले जाई. २०१३ मध्ये ती जिंकली. जपानमध्ये लोक इतकी चमत्कारिक नावे ठेवू लागले की २०२५ च्या मे महिन्यापासून नावाच्या उच्चारावर नियम आला. आपल्याकडे असे काही नाही, आपण मोकळे आहोत. मोकळे आहोत म्हणून मोबाइलवर पहिले सापडेल ते उचलायचे, हे मला बरे वाटत नाही. पेरणीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर वाचतो, उगवण तपासतो.

बियाण्यावरून आठवले. त्या वस्तीवर मी दुसऱ्यांदा गेलो तो तुरीच्या पाहणीला. बांधावर आबा म्हणाले, "औंदा गोदावरी लई झ्याक आलीया." बदनापूरच्या संशोधन केंद्राने अलीकडे पांढऱ्या तुरीचा बीडीएन २०१३-४१ हा वाण काढला, त्याचे नाव गोदावरी. मराठवाड्यात तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसला आहे. मी म्हटले, "आबा, वाण नवा, नाव जुनं. कोणी हसलं का?" ते हसले आणि मग एकदम गप्प झाले. आई आठवली असावी. गोदावरी आपल्याकडे नुसती आजी नाही. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरून वाहणारी आपली मांजरा शेवटी गोदावरीलाच मिळते.

त्या दिवशी मात्र सून बाहेर आली होती, बाळ मांडीवर. नवऱ्याचा फोन चालू, बोलणे सगळ्यांना ऐकू येत होते. तिकडून तो म्हणाला, इथले लोक गोदावरी म्हणणार नाहीत, गोडावारी म्हणतील. आबा म्हणाले, "गोड म्हनत्याल तर म्हनू द्या की." सगळे हसले. मग सून बोलली, हळू आवाजात, पण बोलली. "माझं नाव लग्नात तांदळात लिहून बदललं. मला कुणी विचारलं नव्हतं. शाळंचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचं. हिचं नाव काय बी ठेवा, पण पुन्ना कुणी बदलायचं न्हाई. लग्नात बी न्हाई."

ओसरीवर कोणाला उत्तर सुचेना. खरे म्हणजे ही रीत फार मोठ्या घरांतूनही चालत आली. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, म्हणजे एका गोदेशीच. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. त्यांच्याआधी कल्याणची यमुना लग्नात आनंदी झाली, अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी ते हेच. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांच्यावरून नाव दिलेले आहे. ते नाव 'जोशी', म्हणजे लग्नानंतर मिळालेले आडनाव. यमुना कुठेच उरली नाही.

शेवटी त्या घरात असे ठरले. दप्तरी नाव गोदावरी. आजीबाईंनी हाकेसाठी 'माई' काढले, त्यामुळे सासूचे नाव तोंडी घ्यायचे संकट टळले. आई-बाप 'गोदा' म्हणतात. सुनेची अट आबांनी सगळ्यांसमोर मान्य केली. मुलाची कुरकुर अजून पुरती गेलेली नाही, पण फोनवर तोही आता गोदाचीच चौकशी करतो.

आता कागदाचे थोडे सांगतो, कारण नाव जुने की नवे यापेक्षा ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले जाणे हेच आपल्याला जास्त नडते. सातबारावर दगडू, आधारवर दगडोबा, बँकेत डी. के. अशी तफावत निघाली की पी.एम. किसानचे वर्षाचे सहा हजार अडकतात. अशी प्रकरणे माझ्या टेबलावर नेहमीच येतात. जुन्या काळी मास्तर दाखल्यावर मनाने नाव सुधारून लिहीत, जन्मतारीख एक जून टाकीत. त्याचे भोग माणसे साठाव्या वर्षी भोगत आहेत. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेही जुनेच नाव परत आले म्हणायचे. पण आपली शेळी कागदोपत्री उस्मानाबादीच राहिली. शेळीला हप्ता घ्यायचा नसतो म्हणून तिचे चालते.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. बाळ दवाखान्यात जन्मले तर नोंद त्या दवाखान्याच्या गावी होते, घरी जन्मले तर आपल्या ग्रामपंचायतीत. त्या वेळी नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नका. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट अशा सगळ्या कामांना जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा धरतात, म्हणून त्यावरचे नाव हे कायमचे समजावे. आणि १ मे २०२४ व नंतर जन्मलेल्या मुलांचे नाव राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे आहे. आईचे नाव तिच्या आधारवर जसे आहे तसेच घाला.

अर्ज भरायला जाताना मराठी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावे आणि दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून वाचावा. ईटच्या त्या गोदावरीच्या दाखल्यावर पहिल्या खेपेला 'गोदवरी' छापून आले होते. सुनेने ते खिडकीपाशीच पाहिले, दुरुस्त करून घेतले आणि मगच ती घरी आली.